उकंडूची वेणी

१

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. तुळशीची लग्नं आटोपली होती, कापसाची पहिली वेचणी घरात आली होती, आणि पाणी म्हणून धाम नदी आणि बोर धरण एवढंच पाहिलेली आम्ही वर्धा जिल्ह्यातली माणसं मुंबईहून सुटणाऱ्या एका मोठ्या बोटीवर बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चहाच्या सुमारास, माझी भावजय सुलोचनाबाई नातवाला उठवायला त्याच्या खोलीत गेली. तिची हाक ऐकून आम्ही एकेक जण तिथे गोळा झालो. तीन वर्षांचा उकंडू आईच्या कुशीत झोपलेला होता. त्याची पाठीवर रुळणारी वेणी मानेपासून कापलेली होती. कापलेली वेणी खोलीत कुठेच नव्हती.

"कोणं कापली?" सुलोचनाबाईनं विचारलं. "सपने, ऊठ. कोणं कापली वेणी?"

सपना, म्हणजे तिची सून, उठून बसली. सकाळपासून तिला बोट लागली होती, उलट्या होत होत्या, म्हणून बोटीवरच्या डॉक्टरने दिलेली गोळी घेऊन ती झोपली होती. तिने पोराच्या मानेवरून हात फिरवला.

"मले नाई माहीत," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मीच कापली असन."

तिच्या आवाजात रडू नव्हतं, भीतीही नव्हती. कोणी घरी आहे का असं विचारल्यावर नाही म्हणून सांगावं, तसं ती बोलली.

२

या केसांचं आधी सांगायला हवं.

बंडू माझा धाकटा भाऊ. गावात त्याला सगळे बंडूजी म्हणतात. समुद्रपूरला त्याचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं, खत, फवारणीचं औषध. मुलगा अंकित दुकानात त्याच्याबरोबर बसायचा, मुलगी काजल वर्ध्याला कॉलेजात होती. अंकितची बायको सपना पुलगावची. तिची पहिली दोन मुलं गेली. एक पोटातच गेलं, दुसरं बारशाच्या आधी. तेव्हापासून सपना सगळी कामं करायची, विचारलं तर उत्तर द्यायची, पण समोरच्याला वाटायचं की ती दुसऱ्याच खोलीतून बोलते आहे.

तिसरा मुलगा झाला तेव्हा सुलोचनाबाईनं जुना रिवाज केला. मुलं जगत नसली की नव्या बाळाला सुपात घालून उकंड्यावर, म्हणजे घरामागच्या कचऱ्याच्या ढिगावर, ठेवतात. शेजारची बाई ते उचलते आणि ओंजळभर ज्वारी घेऊन घरच्यांना परत देते. मग ते मूल कोणाचं असं राहत नाही आणि त्याला नजर लागत नाही. शेजारच्या रुख्माबाईनं बाळ उचललं. सपना बाळंतिणीच्या खोलीत होती, म्हणून रुख्माबाईनं ते सुलोचनाबाईच्या पदरात टाकलं. कागदावर त्याचं नाव विहान. घरात तो उकंडू झाला.

केसांना कात्री लावायची नाही, पाचव्या वर्षी गिरडच्या टेकडीवर नेऊन जावळ उतरवायचं, आणि तोवर पोराला मोठ्या पाण्यात उतरवायचं नाही, असा नवस होता. सुलोचनाबाई रोज तेल लावून त्याची वेणी घालायची.

आता अशा पोराला बोटीवर कसं नेलं? तर बियाण्याच्या एका कंपनीने ज्यांचा माल जास्त खपला अशा दुकानदारांना घरच्यांसह बोटीची सहल दिली होती. हिंगणघाटच्या एका दुकानदाराला जाता येईना, म्हणून त्याची खोली बंडूनं मला आणि माझ्या यजमानांना मिळवून दिली. सुलोचनाबाई तयार नव्हती. बंडूनं तिला समजावलं, "बोट म्हंजे पाणी नाई वो. हालणारा पूल समज. आपण पुलावरून जाऊन राह्यलो."

"पूल कुठं जेवाले देते का?" ती म्हणाली. पण आली.

३

वेणीवरून बोलणं वाढायला लागलं तशी मी पोराला उचलून बाजूला घेतलं. तो किरकिर न करता माझ्या खांद्यावर पडून राहिला. अंगात कोरडा सदरा, कोरडी चड्डी. पण चड्डीच्या नाडीखाली हात गेला तेव्हा बोटांना ओल लागली.

"मुतला वाटते," मी म्हणाले.

"मुतणारच. भेला असन पोट्टा," सुलोचनाबाई म्हणाली, आणि परत सुनेकडे वळली. "काल जहाजावर चढतानाच हे म्हणत होती, केसानं पोराले घाम येते म्हणून. म्हणत होती का नाई?"

"म्हणत होती," सपना म्हणाली.

"आई, ती गोळी खाऊन झोपली होती," काजल मध्ये पडली.

"गोळी खाल्ली म्हणून हात झोपतात का?"

तेवढ्यात बंडू आला. त्याच्या डोक्यावर कंपनीने बांधलेला केशरी फेटा तसाच होता. "दुपारपासून बसवून ठेवलं बाप्पा त्या हॉलमध्ये. भाषण अन् भाषण. चहाचं नाव नाई. अन् इथं काय झालं आता?"

त्याला सांगितलं. तो पलंगाच्या कडेवर बसला आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. त्याच्या मागून अंकित आला होता. तो दारातच उभा राहिला.

सुलोचनाबाईनं आवाज चढवला नाही. तिने ठरवून टाकलं होतं. "अंकित, उद्या मुंबईले उतरलो की हिच्या भावाले फोन लावजो. पुलगावच्या टेसनावर येजो म्हणा, बहिणीले उतरवून घेजो. पोरगं माह्याजवळ राहीन. उकंड्यावरून उचलून रुख्माबाईनं ते माह्या पदरात टाकलतं. हिच्या नाई टाकलं."

मी सपनाकडे पाहिलं. ती पलंगावरची चादर सारखी करत होती.

"हो आई," अंकित म्हणाला.

माझे यजमान लक्ष्मणराव एवढा वेळ चादरीकडे, उशीकडे आणि खालच्या गालिच्याकडे बघत होते. ते म्हणाले, "सुलोचनाबाई, उद्या सकाळपर्यंत कोणाले फोन लागत नाई. समुद्रात रेंज नाई. तोवर मले चार माणसाईशी बोलू द्या."

"बोला ना भाऊजी," ती म्हणाली. "बोलून केस चिकटतात का पाहा."

४

लक्ष्मणराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. हिंगणघाट आणि वर्ध्याच्या स्टँडवर त्यांची नोकरी गेली. हरवलेली पोरं, बदललेल्या पेट्या, कंडक्टर आणि प्रवाशांची भांडणं, सगळं त्यांच्या खिडकीपाशी यायचं. ते ओरडायचे नाहीत. समोरच्याला बोलू द्यायचे आणि मग एखादाच भलता प्रश्न विचारायचे. घरीही तसंच. चोरून खाल्लेल्या लोणच्याचा तपास त्यांनी आमच्या पोरांकडून असाच लावलेला मला आठवतो. त्या गोष्टीला आता किती वर्षं झाली.

त्यांनी आधी काजलला वरच्या मजल्यावर कठड्याशी गाठलं. मी शेजारी बाकावर होते. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाजी म्हणतात.

"तू घरी रोज म्हणतं, वेणी कापून टाकीन म्हणून," ते म्हणाले.

"म्हणतोच मी. पोट्ट्याले पोरगी समजतात लोकं. पण कापायची असती तं समुद्रपूरले कापली असती, मामाजी. तिथं कात्री तरी आहे."

"इथं नाई?"

"कुठं आहे? मुंबईले सामान तपासलं तेव्हा आईची कात्री, बाबाचा अडकित्ता, सगळं त्या ट्रेमध्ये गेलं. बाबा तं सुपारीसाठी त्या शिपायाच्या पाया पडाले निघालता." ती हसली आणि मग थांबली. "वहिनीनं नाई कापली, मामाजी. तिले उभंबी राहता येत नोतं."

"तू कुठं होती दुपारी?"

"जेवून मी लहान पोराईच्या हौदावर गेली. म्हटलं पाय तरी बुडवून पाहू. तं तिथं दोरी बांधलेली. सकाळी पोट्टे खेळून राह्यले होते, दुपारी बंद. मोठ्या हौदात नायलॉनच्या कपड्याशिवाय उतरू देत नाई. सलवार पाहून हाकलून देलं मले. मग मी वरच बसली होती, व्हिडिओ काढत. दाखवू का?"

तिने फोनवर दाखवले. समुद्र, समुद्र, तिचे स्वतःचे दात, समुद्र.

"आपल्या घरात नायलॉनचे कपडे कोणाजवळ आहेत?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"दादाजवळ. वर्ध्याहून घेतलते त्यानं, आपल्यासाठी अन् उकंडूसाठी. आईनं उकंडूची चड्डी पाहिली अन् लय बोलली. म्हणे, याले पाण्यात न्याचा इचारबी करू नको."

५

मग सपना. ती खोलीत एकटीच होती, पोरगं सुलोचनाबाईनं आपल्या खोलीत नेलं होतं. आमच्या सगळ्यांच्या खोल्या एका ओळीत होत्या. दारं आपोआप लागायची आणि कार्डाशिवाय उघडायची नाहीत, म्हणून पहिल्या दिवसापासून बंडूनं प्रत्येक दारात एकेक चप्पल अडकवून ठेवली होती. बोटीवरचा पोरगा येऊन चपला काढायचा, बंडू परत लावायचा. तेव्हा त्या खोलीत कोणीही जाऊ-येऊ शकत होतं.

लक्ष्मणराव खुर्चीवर बसले. "पोरी, तू कायनं कापली वेणी?"

सपनाने थोडा विचार केला. "कात्रीनं."

"कोणती कात्री?"

"आत्याबाईची." सासूला ती आत्याबाई म्हणायची.

"कुठून घेतली?"

"त्यांच्या पिशवीतून."

ती कात्री मुंबईच्या धक्क्यावर एका ट्रेमध्ये पडून होती, हे सपना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तपासणी चालू असताना ती उकंडूला घेऊन पुढे बाकावर बसली होती.

"मग वेणी कुठं ठेवली?"

सपनाने हात बघितले, जणू तिथे असेल. "मामाजी, मी झोपली होती. मले कायच नाई माहीत. पण काई झालं की माह्याचकडून झालेलं असते. पहिल्या दोघाईच्या वक्तीबी सगळे तसंच म्हणले. मले वाटलं याहीवेळी तसंच असन."

"पोरगं सुलोचनाबाईजवळ राह्यलं तं?"

"तो रात्री माह्या कानाची पाळी धरून झोपते," ती म्हणाली. "आत्याबाईच्या कानात मोठ्या कुड्या आहेत. त्याले टोचतीन."

बाहेर आल्यावर मी लक्ष्मणरावांना म्हणाले, "हिनं नाई कापली."

"ते मले उशी पाहूनच समजलं," ते म्हणाले. "कापलेल्या केसाची एक बारीक काडी नाई उशीवर, चादरीवर नाई, खाली नाई. न्हाव्याच्या दुकानात कोणी एवढं साफ कापत नाई. वेणी त्या खोलीत कापलीच नाई."

६

बंडूची गोष्ट लवकर संपली. तो दुपारभर हॉलमध्ये स्टेजवर होता. पहिल्या रांगेतला सत्कार. शेकडो दुकानदारांनी त्याला पाहिलं होतं.

"अंकित कुठं होता?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"मागं कुठंतरी असन. स्टेजवरून काय दिसते भाऊजी? सगळे फेटेच फेटे." मग आवाज खाली करून बंडू म्हणाला, "तुम्हीच सुलोचनाले समजवा. सहल मी आणली, अन् माह्याच घरात हे. नवस मोडला म्हणते ते. पोराले काई झालं तं?"

अंकितला आम्ही खालच्या मजल्यावर गाठलं, जेवणाच्या हॉलच्या बाहेर. चांगला उंच, देखणा मुलगा. लहानपणी सुट्टीत वर्ध्याला आमच्याकडे यायचा तेव्हा माझ्या हातची वांग्याची भाजी मागून खायचा.

"तू मिटिंगमध्येच होता?"

"हो मामाजी. शेवटपर्यंत. मागच्या रांगेत. चहा पिऊन बाहेर निघालो तं काजल बोलवाले आली."

"बरं," लक्ष्मणराव म्हणाले. "चहा कसा होता?"

"चहासारखा चहा," अंकित म्हणाला.

तो गेल्यावर लक्ष्मणराव बराच वेळ समुद्राकडे बघत उभे राहिले. सूर्य खाली गेला होता, पाणी राखेच्या रंगाचं झालं होतं. मला एवढंच वाटलं की हे पाणी काही आपलं नाही.

"एक विचारतो," ते मला म्हणाले. "पोराले तू उचललं तेव्हा ओल लागली म्हणत होतीस. फक्त पुढून का भोवताल?"

मी आठवून पाहिलं. "भोवताल. पाठीकडून जास्त. चड्डी कोरडी होती, आत ओल होती."

"मुतलं असतं तं चड्डी ओली असती. आत काय आहे त्याच्या?"

आत करगोटा होता. काळ्या सुताचा, चांगला जाड, सुलोचनाबाईनं स्वतः वळलेला. पोराला पुसलं, कपडे बदलले, पावडर लावली, तरी कमरेचा सुती दोरा काही लवकर वाळत नाही. आमच्या घरात अंघोळीनंतर करगोटा वेगळा पिळून काढतात. ज्याने कधी मुलाला अंघोळ घातली नाही त्याच्या हे लक्षात येणार नाही.

"अन् वास?" त्यांनी विचारलं.

वास होता. ब्लिचिंग पावडरचा. गावात पटकी आली की विहिरीत टाकायचे, त्या पांढऱ्या पावडरीचा.

७

लहान मुलांच्या हौदाभोवती दोरी तशीच होती. पाणी काढून टाकलं होतं. तळाशी पाणी ओढून घेणाऱ्या तोंडावर नवी कोरी जाळी बसवलेली दिसत होती. जवळ उभ्या असलेल्या जीवरक्षक मुलाला लक्ष्मणरावांनी दुपारचं विचारलं.

"ऑफिस में पूछो, साहब," तो म्हणाला. त्याला तेवढंच बोलायला सांगितलं असावं. पण त्याच्या कमरेच्या पट्ट्याला आकड्यासारखं वाकलेलं एक पातं म्यानात लटकत होतं. लक्ष्मणरावांनी ते पाहिलं, मीही पाहिलं. बोटीवर सगळ्यांच्या कात्र्या काढून घेतल्या होत्या, तरी एक पातं होतं, आणि ते पाण्यात कोणी अडकलं तर सोडवण्यासाठी होतं.

परत येताना लक्ष्मणराव म्हणाले, "आता फक्त वेणी."

"ते समुद्रात टाकली असन," मी म्हणाले.

"दुसऱ्या कोणी टाकली असती. नवसाचे केस आपल्यातला माणूस जमिनीवरबी पडू देत नाई, समुद्रात काय टाकते. गिरडले नेऊन वाहाचे आहेत ते. ज्याच्याजवळ आहेत तो फेकूबी शकत नाई अन् ठेवूबी शकत नाई. तो घेऊन फिरून राह्यला असन."

अंकितच्या खांद्याला कंपनीने दिलेली बॅग होती. ती दुपारपासून त्याने एकदाही खाली ठेवली नव्हती. त्याला बाजूला बोलावून लक्ष्मणराव म्हणाले, "मिटिंगमध्ये चहा दिलाच नाई, अंकित. बॅग उघड."

८

वेणी फेट्याच्या कापडात गुंडाळलेली होती. अजून ओली होती. खालच्या टोकाला सुलोचनाबाईनं बांधलेली लाल रिबीन तशीच होती.

अंकित सांगत होता आणि आम्ही ऐकत होतो. सपना झोपली होती, पोरगं किरकिर करत होतं. मिटिंगला जायचा त्याला कंटाळा आला होता. त्याला वाटलं, एवढं लांब आलो, एवढा मोठा हौद, पोराला एकदा पाण्यात बसवून फोटो काढावा. आईला कळायचं नाही. पाणी पोराच्या छातीएवढंच होतं. तो फोन काढायला मागे वळला. परत पाहिलं तेव्हा पोरगं दिसलं नाही. वेणी तळाच्या तोंडात ओढली गेली होती. ते जागेवरच पाण्याखाली होतं, हात हलवत होतं.

"मी ओढलं तं येईना," तो म्हणाला. "तो पोरगा आला, त्यानं वेणी कापली. डॉक्टरकडं नेलं. ते म्हणले बरं आहे. मग मी त्याले पुसलं, कपडे घातले, सपनाजवळ ठेवलं. ते लगेच झोपलं."

"अन् मग मिटिंग सुटताना तिथल्या दाराशी येऊन उभा राह्यला."

"हो."

"सपनावर आलं तेव्हा काऊन नाई बोललास?"

अंकित बॅगची चेन लावत होता, उघडत होता. "आई मले घरात उभं नाई करणार, मामाजी. बाबाची सगळ्याईसमोर काय राहीन? सपनाचं काय, तिले तशीबी सवय आहे. चार दिवस माहेरी राहीन, मग मी आणतो तिले."

मला आठवतं, त्या वेळी मला रागही आला नाही. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तो कोणाचा चेहरा आहे ते मला कळत नव्हतं.

"उद्या सकाळी चहाच्या वक्तीले तू सांगजो," लक्ष्मणराव म्हणाले. "तू नाई सांगितलं तं मी सांगन."

९

सकाळी मुंबई दिसायला लागली होती. सगळे मोठ्या हॉलमध्ये खायला बसले होते. उकंडू सुलोचनाबाईच्या मांडीवर होता आणि इडली कुस्करत होता. सपना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिची पिशवी भरून पायाशी ठेवलेली होती.

अंकितने चहा घेतला. दुसरा घेतला. मुंबई जवळ आली. बंडूच्या फोनला रेंज आली आणि तो वाजायला लागला, तसं सुलोचनाबाई म्हणाली, "लाव आता पुलगावले."

अंकितने फोन काढला आणि नंबर शोधायला लागला.

तेव्हा लक्ष्मणराव बोलले. आवाज न चढवता, स्टँडवर गाडी का उशिरा आली ते सांगावं तसं. कात्री बोटीवर नव्हती. उशीवर केस नव्हते. करगोटा ओला होता, चड्डी कोरडी होती. लहान हौद सकाळी चालू, दुपारी बंद. नायलॉनचे कपडे एकाजवळ. मिटिंगमध्ये चहा नव्हता, आणि एकाने तो प्यायला. "वेणी त्याच्या बॅगमध्ये आहे," ते म्हणाले. "पुढचं त्याले सांगू द्या."

अंकितने सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं सांगितलं. बंडूनं डोळ्यांवर हात ठेवला. काजल उठून भावाच्या जवळून लांब जाऊन बसली.

सपनाने एकच विचारलं. "उकंडूनं मले आवाज देला का?"

"पाण्याखाली होता," अंकित म्हणाला. "आवाज कसा..."

"नाई देला," सपना म्हणाली.

सुलोचनाबाईनं पोराचं तोंड पदरानं पुसलं. मग म्हणाली, "पोरगं वाचलं न. वेणी आहे न. गिरडले जाऊन माफी मागू. सपने, तू आता पुलगावले जाऊ नको. चाल घरी. पोरगं मात्र काही दिवस माह्याजवळच झोपू दे, ते भेलं आहे."

सपना उठली. टेबलाला वळसा घालून आली आणि सासूच्या मांडीवरून पोरगं उचललं. त्याचे हात इडलीने बरबटलेले होते. सुलोचनाबाईनं त्याच्याभोवती पदर धरून ठेवला होता, तो सुटला. सपनाने सासूकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही पाहिलं नाही.

रेल्वेत सगळे आपापल्या जागेवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुलगाव आलं तसं सपना पोराला आणि पिशवीला घेऊन दाराशी गेली. अंकित तिच्या मागे गेला. गाडी थांबली, ती उतरली. फलाटावर तिला घ्यायला कोणी नव्हतं, कारण फोन झालाच नव्हता. गाडी सुटेपर्यंत अंकित दारात उभा होता. तो उतरलाही नाही आणि आतही आला नाही.

१०

त्यानंतर कोणाचं काय झालं ते सांगते.

बंडूचं दुकान चालतं. पुढच्या वर्षी परत सहल लागली होती, ती त्याने दुसऱ्याला देऊन टाकली. हल्ली त्याला साखरेचा आजार झाला आहे.

सुलोचनाबाई वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मग सेवाग्रामला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी डबा घेऊन गेले, तेव्हापासून बोलते. कापलेली वेणी तिने गिरडला नेऊन वाहिली. पोराशिवाय नेली. त्या दिवशी तिच्याबरोबर कोणी गेलं नव्हतं.

काजलचं लग्न झालं, ती नागपूरला नोकरी करते. तिला मुलगी झाली. जावळ तिने पाचव्या महिन्यातच काढलं.

लक्ष्मणराव दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात गेले. झोपेतच गेले. तेराव्याला अंकित आणि सपना दोघंही आले होते, वेगवेगळ्या गाडीने. अंकितने मांडव घातला, भांडी उचलली, जे पडेल ते काम केलं. सपना माझ्याजवळ येऊन बसली. "मामाजीनं मले इचारलं तरी होतं," ती म्हणाली.

अंकित आता पुलगावला असतो. भाड्याची जागा घेऊन त्याने तिथे बियाण्याचं छोटं दुकान टाकलं आहे. बापाने मदत केली नाही. दुकानाच्या मागे खोली आहे, तिथे तो एकटाच राहतो. संध्याकाळी सपनाच्या माहेरी जातो आणि जेवणाआधी परत येतो. त्याला जेवायला कोणी थांबवत नाही, आणि येऊ नको असंही कोणी म्हणत नाही.

उकंडूला आता सगळे विहानच म्हणतात. तो शाळेत जातो. केस पुलगावच्या एका न्हाव्याकडे कापून आणले, कोणाला न सांगता. त्याला काही झालं नाही.

सपना अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी पोरांना खिचडी वाढते, दुपारी घरी येते. गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे दोन दिवस राहून आले. दुपारी जेवण झाल्यावर मी लवंडले. विहान माझ्या शेजारी येऊन झोपला. सपनाला म्हटलं, तूही थोडी पाठ टेक, किती थकली आहेस. ती नको म्हणाली आणि भिंतीला टेकून पोराकडे तोंड करून बसली. मला जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. ती तशीच बसलेली होती. तिची आई मला नंतर म्हणाली, दुपारची ती आता झोपत नाही.